माहीम खाडीचा वास आणि दगडातली गोगलगाय

माहीम सोडून लोकल वांद्र्याकडे निघाली की दारातली माणसं आपसूक तोंड फिरवतात. खाडीच्या काळ्या गाळाचा कुजलेल्या अंड्यांसारखा तो वास मुंबईत नव्यानं आलेल्यालाही चार दिवसांत पाठ होतो. त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा आहे आणि त्याची आपल्याला लाज वाटायलाच हवी. पण त्यामागची रासायनिक क्रिया शहरापेक्षा, माणसापेक्षा, डायनोसॉरपेक्षाही जुनी आहे. गाळातला प्राणवायू संपला की काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू बाहेर पडतो. हा वायू विषारी आहे. गटारात उतरणारी माणसं आजही त्यानं गुदमरून मरतात. आणि समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी याच वायूच्या भरवशावर गोगलगायींच्या पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदतात.

अकरावीच्या वर्गात मी हे सांगत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, जीवाश्म गोगलगायीची नवी प्रजाती सापडली असं बातमीत लिहितात. पण लाखो शंख असताना हाच नवा, हे ठरवतं कोण?" तास संपत आला होता, मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं. प्रश्न इतका चांगला होता की त्याचं उत्तर सवडीनंच द्यायला हवं.

आधी ती गोगलगाय राहते कुठे ते पाहू. पावसाळ्यात घाटातल्या कातळातून पाणी झिरपतं, तसा समुद्रतळाच्या काही भेगांतून मिथेन वायू झिरपतो. मिथेन आपल्या ओळखीचा आहे. गोबर गॅसमध्ये तो असतो, रिक्षाच्या सीएनजीत असतो आणि स्वयंपाकघरात येणाऱ्या पाइपगॅसमध्येही तोच असतो. गोबर गॅसच्या टाकीत जे होतं तेच समुद्रतळाखालच्या गाळात होतं: मेलेले जीव साठतात, हवा नसते, सूक्ष्मजीव त्यांचं विघटन करतात आणि मिथेन तयार होतो. आणखी खोलवर उष्णतेनंही तो तयार होतो. मग वाट मिळेल तिथून वर येतो. अशा जागांना इंग्रजी वळणानं 'कोल्ड सीप' म्हणतात. मी इथे झिरप म्हणते. 'कोल्ड' या शब्दानं फसू नये. १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवतीचे प्राणी सापडले होते. पुढे १९८४ मध्ये फ्लोरिडाजवळ मेक्सिकोच्या आखातात, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, तशीच वस्ती गरम पाण्याशिवाय दिसली, म्हणून ही 'थंड'. झिरपेचं पाणी साधारण आसपासच्या समुद्राइतकंच गार असतं.

अशा झिरपा आपल्यापासून फार लांब नाहीत. अरबी समुद्राच्या उत्तर काठावर, मकरानच्या किनाऱ्यासमोर त्या आहेत. बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या तळाशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या शोधल्या आहेत.

आता सगळ्यात सुंदर भाग. झिरपणारा मिथेन सगळाच्या सगळा पाण्यात सुटत नाही. गाळात दोन प्रकारचे सूक्ष्मजीव एकमेकांना बिलगून राहतात: एक मिथेन वापरतो, दुसरा सल्फेट. दोघांच्या भागीदारीतून दोन गोष्टी निघतात, हायड्रोजन सल्फाइड आणि बायकार्बोनेट. सल्फाइडवर जगणारे जिवाणू वाढतात, त्यांची दाट साय तळावर पसरते, ती खायला गोगलगायी येतात. काही शिंपले तर असे जिवाणू थेट आपल्या कल्ल्यांत पाळतात. सूर्यप्रकाश जिथे कधीच पोचत नाही तिथे हा सगळा संसार चालतो. आणि बायकार्बोनेट? ते पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचा चुनखडक होतो. म्हणजे जो मिथेन वातावरणाकडे निघाला होता, त्यातला बराच कार्बन वाटेतच दगड होऊन बसतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. इतक्या लहान जीवांनी इतकं मोठं काम करावं, आणि तेही कोणी बघत नसताना.

गाळ अजून मऊ असतानाच हा चुनखडक जमतो, म्हणून त्यात अडकलेले शंख चपटे होत नाहीत. बाजूच्या चिखलात गाडलेला शंख वरच्या भारानं चेचला जातो, झिरपेतला मात्र गोल राहतो. कोट्यवधी वर्षांनी समुद्रतळ उचलला जाऊन जमीन झाली की मऊ चिखलखडक झिजतो आणि चुनखडकाचे गोळे मागे उरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अशा शंकूसारख्या टेकड्या आहेत, तंबूसारख्या दिसतात म्हणून त्यांना 'टीपी ब्यूट्स' म्हणतात. गिल्बर्ट आणि गलिव्हर या दोघांनी १८९५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा मिथेनच्या झिरपा ही कल्पनाच कोणाला नव्हती. दगड दिसत होता, शिंपल्यांची गर्दी दिसत होती, कारण कळायला जवळपास शतक जावं लागलं. जपानमधल्या होक्काइदोत, न्यूझीलंडमध्ये, इटलीत, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डवर असे दगड आहेत. मोरोक्कोतले काही तर चाळीस कोटी वर्षांहून जुने आहेत.

पण चुनखडक सगळीकडे असतो. हा झिरपेचाच, हे कशावरून?

इथे कार्बन साक्ष देतो. कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत, हलका कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हलका कार्बन जास्त उचलतात. हमाल दिवसभराच्या रगाड्यात आधी हलकं बोचकं उचलेल तसं. त्यामुळे मिथेनमध्ये कार्बन-१३ फार कमी असतो, आणि त्यातून झालेल्या चुनखडकातही. मोजमाप एका ठरलेल्या नमुन्याशी ताडून दर हजारी फरकात लिहितात, उणे म्हणजे कार्बन-१३ तेवढा कमी. त्याचा शून्य ज्यावर बेतला तो अमेरिकेतल्या पी डी खडकांमधला एका बेलेम्नाइटचा जीवाश्म होता. बेलेम्नाइट म्हणजे आपल्या बाजारातल्या माकुलाचा नामशेष नातेवाईक. साध्या समुद्री शिंपल्याचा आकडा या शून्याच्या आसपास येतो. झिरपेच्या चुनखडकाचा उणे तीस, उणे चाळीस, कधी उणे पन्नासही येतो. समुद्रात इतका खाली आकडा मिथेनशिवाय दुसरं फारसं काही आणत नाही, त्यामुळे तो दिसला की शंका फारशी उरत नाही. ही तपासणी झाली नसेल तर 'झिरपेतली गोगलगाय' हे शब्द लिहायची घाई करू नये, असं माझं मत आहे. शंख कोणत्या परिस्थितीत जगला हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

दगड प्रयोगशाळेत आला की काम संथ होतं. चुनखडक आम्लात विरघळतो, पण शंखही चुन्याचाच, तोही विरघळेल. (शंखाची जागा सिलिकानं घेतली असेल तर आम्ल वापरता येतं, ते नशीब.) म्हणून हातोडी-छिन्नीनं मोठा दगड फोडायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीनं कण-कण दगड उडवायचा. सीटी स्कॅन करावा तर शंख आणि दगड एकाच द्रव्याचे, चित्रात वेगळे उठून दिसत नाहीत. मोकळ्या झालेल्या शंखावर अमोनियम क्लोराइडची पांढरी धूर-पूड बसवतात आणि मग फोटो काढतात. डाग, रंग झाकले जातात, फक्त चढ-उतार दिसतात.

हे चढ-उतार वाचणं म्हणजेच वर्णन. शंख शेंड्यापासून खाली वाढत जातो, एकेक वेढा मोठा होत जातो. वेढे किती, फुगीर की सपाट, दोन वेढ्यांमधली शिवण खोल की उथळ, अंगावर उभे वरंबे आहेत की आडवे दोर, दोन्ही असतील तर जिथे छेदतात तिथे गाठी येतात का, मुख गोल की लांबट, मुखाच्या खालच्या कडेला खाच आहे का. मग मोजमापं: उंची, रुंदी, शेवटच्या वेढ्याचा आणि मुखाचा वाटा. झिरपेतले पुष्कळ शंख सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, त्यामुळे हे सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत चाललेलं असतं.

या सगळ्यात मौल्यवान जागा म्हणजे शेंड्याचं अगदी टोक. गोगलगाय अंड्यात असताना किंवा डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेलं इवलं पिल्लू, म्हणून पाण्यात तरंगत असताना जो पहिला शंख बनवते, तो टोकावर तसाच राहतो. म्हाताऱ्या गोगलगायीच्याही टोकावर तिचं बाळपण कोरलेलं असतं! ते टोक मोठं आणि घुमटासारखं असेल तर पिल्लू अंड्यातल्या बलकावर वाढलं, लहान आणि अनेक वेढ्यांचं असेल तर समुद्रात तरंगत, खात वाढलं, असा अंदाज बांधता येतो. झिरपा समुद्रतळावर एकमेकींपासून लांब विखुरलेल्या असतात. एका झिरपेतून दुसरीकडे पोचायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये दडलेलं असतं.

आणि नेमकं तेच टोक बहुतेकदा गेलेलं असतं. प्रोव्हॅना या झिरप-निवासी गोगलगायीच्या कुळात तर जिवंतपणीच शेंडा गळून पडतो आणि गोगलगाय आतून चुन्याचा पडदा घालून भोक बुजवते. या कुळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रोव्हॅना हे नाव अमेरिकन शंखतज्ज्ञ विल्यम डॉल यांनी १९१८ मध्ये दिलं, म्हणजे झिरपांचा शोध लागण्याच्या सहासष्ट वर्षं आधी. खोल समुद्रातून शंख वर आले होते, ते कशावर जगतात हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. पुढे १९९१ मध्ये अँडर्स वॉरेन आणि विन्स्टन पॉन्डर यांनी या गोगलगायींचं स्वतंत्र कुळ मांडलं. २००८ मध्ये आंद्रे काइम, रॉबर्ट जेन्किन्स आणि वॉरेन यांनी होक्काइदोतल्या क्रिटेशस काळाच्या झिरपांमधून त्यांचे प्राचीन नातेवाईक वर्णन केले. डायनोसॉर असतानाच्या काळातले. त्यात नुसत्या अंगकाठीवर न थांबता त्यांनी टिकून राहिलेल्या शेंड्यांचा बारकाईनं अभ्यास केला, कारण वरवर सारखे दिसणारे शंख वेगवेगळ्या कुळांतले असू शकतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. हाच नवा, हे कशावरून?

माझ्या ओळखीच्या कोळीण मावशी दादरच्या बाजारात पापलेट आणि कापरी शेजारी-शेजारी लावतात. नवशिक्याला दोन्ही सारखीच चपटी, चंदेरी. मी एकदा विचारलं तर त्यांनी दोन्हींच्या शेपट्या बोटांनी पसरून दाखवल्या: पापलेटची खोलवर दुभागलेली, कापरीची बोथट. झालं. सगळा मासा वर्णन करायची गरज पडली नाही. जवळच्या भावंडापासून वेगळं काढणारी खूण पुरली. शोधनिबंधातही हे दोन भाग वेगळे असतात. वर्णनात शंखाचं सगळं येतं, आणि भेददर्शक खुणांमध्ये फक्त तेवढंच, ज्यानं तो जवळच्या प्रजातींपासून ओळखता येतो. वाचताना मी आधी हा दुसरा भाग बघते. तो दोन-तीन स्वच्छ वाक्यांत बसला नसेल तर मनात शंका येते.

या तुलनेसाठी आधीच्या सगळ्या प्रजाती माहीत हव्यात. सगळ्या म्हणजे सगळ्या, मग त्यांचं वर्णन दीडशे वर्षांपूर्वी का केलेलं असेना. दक्षिण भारतातल्या क्रिटेशस गोगलगायींवर कोणी काम करायला बसलं तर त्याला आजही फर्डिनांड स्टोलिच्का यांचा १८६७-६८ मधला ग्रंथ उघडावाच लागतो. जुन्या चित्रावरून खात्री पटत नसेल तर संग्रहालयात जाऊन मूळ नमुना हातात घ्यावा लागतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी १ जानेवारी १७५८ पासून सुरू होते, आणि आधी दिलेलं नाव सहसा मानाचं ठरतं.

दुसरी अडचण म्हणजे एकाच प्रजातीतल्या जीवांमधले फरक. जुहूच्या वाळूत बटणाएवढे गुळगुळीत शंख मिळतात. मुलं ते वेचतात तेव्हा एकही दुसऱ्यासारखा नसतो: गुलाबी, करडा, पट्ट्यांचा, ठिपक्यांचा. तरी प्रजाती एकच असू शकते. जीवाश्मात रंग उरत नाही, पण जाडी, वरंब्यांची संख्या, वेढ्यांचा फुगवटा यांत असेच फरक असतात. लहान वयाचा शंख आणि पोक्त शंख तर दोन वेगळ्या प्रजाती वाटाव्यात इतके निराळे दिसू शकतात. म्हणून जमतील तितके नमुने मोजायचे, आलेख मांडायचा, आणि ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके पडतात की एकच सलग ढग होतो ते पाहायचं. मधले दुवे सापडत राहिले तर नव्या नावाचा मोह सोडायचा.

जिवंत प्राण्याच्या बाबतीत डीएनए मदतीला येतो. आपलं पापलेटच घ्या. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्य मासा झालं. वर्षानुवर्षं त्याचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस असं लिहिलं गेलं, पण अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी दाखवलं की भारताच्या समुद्रातलं पापलेट वेगळ्याच प्रजातीचं आहे, आणि तिला १८२९ मध्ये दिलेलं पॅम्पस कँडिडस हे जुनं नाव पुन्हा वापरात आलं. रोज ताटात असलेल्या माशाची ही गत. कोट्यवधी वर्षांच्या शंखात डीएनए नसतो, मांस नसतं, जीभ नसते. फक्त आकार असतो. त्यामुळे जीवाश्म-प्रजाती हा नेहमीच आकारावर बेतलेला अंदाज असतो, आणि चांगला संशोधक तो अंदाज म्हणूनच मांडतो. शेंडा मिळाला नाही, दोनच तुटके नमुने आहेत, तर नाव न देता कुळाच्या पुढे प्रश्नचिन्ह लावून सोडून देणारे निबंध मी पाहिले आहेत. त्या प्रश्नचिन्हाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुरावा पुरेसा असेल तर मग नाव. आणि इथे अनेकांना आश्चर्य वाटतं: त्यासाठी कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही. मतदान नाही, शिक्का नाही. प्राण्यांच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे. तिच्या अटी पाळून प्रसिद्ध केलं की नाव वापरात येतं. वेगळेपणाच्या खुणा शब्दांत दिल्या पाहिजेत. फक्त इंटरनेटवर निघणारा निबंध असेल तर झूबँक या नोंदवहीत नोंद हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक नमुना नेमून दाखवला पाहिजे, ज्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका शंखाला कायमचं बांधलेलं असतं. बाकीचे सोबतचे नमुने पॅराटाइप.

नावाचं व्याकरण लॅटिन वळणाचं. गावावरून द्यायचं तर शेवटी 'एन्सिस' लागतं. होक्काइदोतल्या नाकागावावरून प्रोव्हॅना नाकागावेन्सिस झालं. पुरुषाच्या नावावरून दिलं तर सहसा शेवटी 'आय' येतो. मुंबईतल्या अंबोलीच्या खाणीतल्या जीवाश्म कासवाला २००३ मध्ये सांकुकेमिस सेठनाय हे नाव मिळालं, ते मुंबईचे भूवैज्ञानिक सेठना यांच्यावरून.

मुंबईचा खडक लाव्हाचा, त्यामुळे झिरपेची गोगलगाय इथे सापडणार नाही. पण लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात वरळीला एक चिमुकला जीवाश्म बेडूक सापडला होता, आणि नाव दिल्यानंतर पुढे काय होतं हे तो छान शिकवतो. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्याला राना पुसिला म्हटलं. राना म्हणजे बेडकी, पुसिला म्हणजे इवली. १९३० मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ नोबल यांनी पाहिलं की हा राना नव्हेच, आणि नवीन वंश मांडला, इंडोबॅट्राकस. राना स्त्रीलिंगी, बॅट्राकस पुल्लिंगी, त्यामुळे विशेषण बदललं: इंडोबॅट्राकस पुसिलस. आपण इवली बेडकीचा इवला बेडूक करतो ना, अगदी तसं. ओवेन यांचं नाव पुसलं गेलं नाही. ते कंसात गेलं. शास्त्रीय नावापुढे कंसात माणूस दिसला की समजावं, नाव त्याचंच, पण घर पुढच्या कोणीतरी बदललं आहे.

एवढा खटाटोप एका नखाएवढ्या शंखासाठी का, असंही वर्गात कोणी विचारेल. होक्काइदोतच, २००८ मध्ये, काइम आणि सहकाऱ्यांनी क्रिटेशस समुद्रात मरून तळाशी गेलेल्या प्लेसिओसॉरच्या हाडांपाशी प्रोव्हॅना कुळातल्या गोगलगायी दाखवल्या. लांब मानेचे ते अवाढव्य समुद्री सरीसृप तळाशी कुजत असताना हाडांतल्या चरबीतून सल्फाइड निघत होतं, आणि गोगलगायी तिथे जेवायला आल्या होत्या. आज हेच देवमाशांच्या सांगाड्यांवर होतं. तेव्हा देवमासे नव्हते. झिरपेपासून झिरपेपर्यंतच्या लांब वाटेवर मेलेले प्राणी मधले थांबे होते का, हे विचारता आलं, कारण कोणीतरी आधी ते शंख एकेक करून ओळखून ठेवले होते. नुसतं 'लहान गोगलगाय' एवढंच लिहून ठेवलं असतं तर हाडांवरची आणि झिरपेतली मंडळी एकाच कुळातली, हे कधी जुळलंच नसतं.

म्हणून, अकरावीच्या त्या मुलीसाठी: नवा हे आधी ठरवतो तो अभ्यासक, ज्यानं तुलना केली. पण त्याचा शब्द शेवटचा नसतो. निबंध छापून झाल्यावर होलोटाइप कापसात गुंडाळून छोट्या डबीत जातो, डबीवर क्रमांक पडतो, पुष्कळ संग्रहालयांत सोबत लाल चिठ्ठी असते, आणि खण बंद होतो. ऐंशी वर्षांनी कोणी दुसरी अभ्यासक तो खण उघडेल, शंख भिंगाखाली धरेल आणि म्हणेल, हे कूळ चुकलंय. किंवा म्हणेल, बरोबर आहे, आणि डबी परत ठेवून देईल.